संगणक उघडताच वखारीचे दार उघडावे : अंतर्गत चकत्यांच्या आपोआप जोडणीविषयी

व्यापार म्हणजे हिशोब आणि हिशोब म्हणजे जतन केलेला कागद, ही समजूत आपणांकडे वाडवडिलांपासून चालत आली आहे. कीर्द, खतावणी, रोजमेळ, आवक-जावकेच्या वह्या आणि बारदानाची नोंद ही सारी एके काळी लाल कापडाच्या बांधणीत, पेढीच्या फडताळात असत. सांप्रत ती बहुतेक पेढ्यांवर संगणकाच्या पोटात गेली आहेत. तेथे ती नेमकी कोठे असतात, सकाळी संगणक चालू केल्यावर हाताशी कशी येतात, आणि एखादे दिवशी येत नाहीत ती का, याचा विचार मात्र आपल्यापैकी थोडेच करतात. फडताळाची किल्ली कोणाजवळ आहे हे ठाऊक नसलेला शेठजी आपणांस हास्यास्पद वाटेल. पण संगणकाच्या बाबतीत आपण बहुतेक सारे तसेच आहोत.

प्रस्तुत लेखात या विषयातील एकच प्रकरण घेण्याचा आमचा विचार आहे. मेजावरील संगणकात एकाहून अधिक हार्ड डिस्क, म्हणजे साठवणीच्या चकत्या, बसविलेल्या असतील, तर संगणक सुरू होताच त्या आपोआप जोडल्या जाव्यात यासाठी काय करावे, एवढाच हा विषय आहे. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु पेढीवरील गरजेने हा विषय आम्हांस शिकावा लागला, आणि जो शिकलो तो आपल्या सभासद बंधुभगिनींपुढे सोप्या शब्दांत ठेवावा, असे वाटले.

विषयाची निकड

कोणी म्हणेल की हे काम मेकॅनिकचे आहे. व्यापाऱ्याने त्यात का पडावे? त्यास उत्तर असे की, हिशोबाची जबाबदारी कायद्याने मेकॅनिकवर टाकलेली नाही, ती आपणांवर टाकलेली आहे. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कर कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे, ज्या वर्षाचा हिशोब असेल त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अखेरच्या तारखेपासून ७२ महिने तो जपून ठेवावा लागतो. उदाहरणार्थ, २०२३-२४ या वर्षाचे विवरणपत्र भरण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ही होती. म्हणजे त्या वर्षाच्या वह्या व बिले ३१ डिसेंबर २०३० पर्यंत आपल्याजवळ असावयास हवीत. एखादे अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहूनही अधिक काळ. शिवाय याच कायद्याखालील ५७ वा नियम सांगतो की, हिशोब संगणकावर ठेवीत असाल तर त्याची योग्य प्रत वेगळी ठेविली पाहिजे, आणि अपघाताने वा नैसर्गिक कारणाने मूळ हिशोब नष्ट झाल्यास तो वाजवी मुदतीत पुन्हा उभा करता आला पाहिजे.

आपल्या सिल्वासाच्या व्यापाऱ्यांस जुन्या हिशोबाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. २६ जानेवारी २०२० रोजी दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हे दोन प्रदेश एक झाले. तत्पूर्वी आपला कर-क्रमांक २६ या आकड्याने व दमणच्या व्यापाऱ्यांचा २५ या आकड्याने सुरू होत असे. पुढे सर्वांचा २६ झाला. ज्यांचा दमणशी व्यवहार आहे त्यांस जुनी बिले पाहताना हा फरक अजूनही आढळतो. जुनी बिले उघडताच आली नाहीत, तर असा साधा खुलासाही अधिकाऱ्यापुढे करता येत नाही.

दुसरे कारण अगदी अलीकडचे आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. कित्येक पेढ्यांवरील जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. असे संगणक भंगारात न घालता त्यांवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घालण्याकडे अनेकांचा कल होत आहे. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने हिचा पाया घातला. आपल्याकडे पुण्यास १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने याच पायावर 'बॉस' नावाची भारतीय प्रणाली २००७ साली प्रसिद्ध केली असून तीत मराठीची सोय आहे. लिनक्सवर आलेल्या व्यापाऱ्यास पहिल्या आठवड्यातच जी अडचण भेटते ती हीच : "आमची दुसरी चकती कोठे गेली?"

'माउंट' म्हणजे काय

चकती संगणकात बसविणे आणि चकती वापरात आणणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या क्रियेस 'माउंट करणे' असे म्हणतात. आपण तिला 'जोडून घेणे' म्हणू. हा शब्द त्या काळचा आहे, ज्या काळी फितीचे मोठे रीळ अथवा तबकड्यांचा गठ्ठा माणसाने हाताने उचलून यंत्रावर चढवावा लागे. १९५६ साली आयबीएम कंपनीने चकतीचे पहिले यंत्र बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि एवढ्या अवजड यंत्रात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज नखाएवढ्या तुकड्यात त्याच्या हजारो पट मावते. पण 'चढविणे' हा शब्द टिकून राहिला.

आपल्या धंद्यातील दाखला घेऊ. समजा, आपली एक पेढी व तीन वखारी आहेत. वखारीत तांदूळ, गहू, तूरडाळ भरलेली आहे. परंतु जोपर्यंत वखारीचे कुलूप उघडून, ती पेढीच्या वहीत अमुक क्रमांकाची वखार म्हणून नोंदली जात नाही, तोपर्यंत गुमास्त्याच्या दृष्टीने त्या मालाचे अस्तित्व नाही. त्यास पट्टी फाडता येत नाही. संगणकाचे तसेच आहे. चकतीच्या आत एक किंवा अधिक विभाग असतात, विभागाच्या आत फाईली मांडण्याची एक शिस्त असते, आणि ती शिस्त ओळखून प्रणाली तो विभाग आपल्या फोल्डरांच्या झाडास एका ठराविक जागी जोडते. विंडोजमध्ये या जागेस 'सी', 'डी', 'ई' अशी अक्षरे मिळतात. लिनक्समध्ये अक्षरे नसतात. तेथे सारे एकाच झाडाच्या फांद्या असून मुळास केवळ एका तिरक्या रेघेने दर्शवितात. दुसरी चकती त्या झाडावरील एखाद्या रिकाम्या फोल्डरावर बसविली जाते. त्या फोल्डरास जोडणीची जागा म्हणावे.

आपोआप का जोडली जात नाही

लिनक्सची मूळ चकती, म्हणजे जिच्यावर प्रणाली आहे ती, सुरुवातीसच जोडली जाते. नाहीतर संगणक उठणारच नाही. परंतु इतर अंतर्गत चकत्यांच्या बाबतीत प्रणाली मालकाच्या आज्ञेची वाट पाहते. ही प्रणाली अनेक माणसांनी एकच यंत्र वापरावे अशा कल्पनेवर उभारलेली आहे. तेव्हा कोणाची वखार कोणास उघडून द्यावी हे तिने आपल्या मनाने ठरवू नये, हे रास्तच होय.

म्हणून होते असे : फाईलींच्या खिडकीत डाव्या बाजूस दुसऱ्या चकतीचे नाव दिसते, पण तिच्यावर टिचकी मारीपर्यंत ती जोडली जात नाही. टिचकी मारल्यावर पुष्कळदा व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द विचारला जातो. जोडली गेल्यावर ती वापरणाऱ्याच्या नावाच्या फोल्डरात येते. एका गुमास्त्याने उघडली तर एका जागी, दुसऱ्याने उघडली तर दुसऱ्या जागी. मग कालच्या जागेवर हिशोब शोधणारा कार्यक्रम "फाईल सापडत नाही" असे सांगतो, आणि पेढीवर घबराट उडते. वस्तुतः माल जागेवर असतो. केवळ दार उघडलेले नसते.

न जोडलेल्या चकतीचा खरा धोका

फाईल सापडली नाही तर निदान मनुष्य सावध होतो. खरा धोका निराळा आहे, आणि याच कारणास्तव हा लेख लिहिण्याची आम्हांस आवश्यकता वाटली.

आमच्या परिचयाच्या एका पेढीवर दररोज रात्री हिशोबाची प्रत दुसऱ्या चकतीवर उतरविण्याची व्यवस्था होती. एकदा यंत्र दुरुस्तीस गेले, परत आले, आणि दुसऱ्या चकतीच्या जोडणीची व्यवस्था त्यात राहून गेली. जोडणीच्या जागेचे फोल्डर मात्र तसेच होते, कारण ते पहिल्या चकतीवरील एक साधे रिकामे फोल्डर होते. प्रत उतरविणारा कार्यक्रम प्रामाणिकपणे रोज रात्री त्या फोल्डरात प्रत ठेवीत राहिला, आणि रोज सकाळी "काम पूर्ण झाले" असे सांगत राहिला. त्याच्या म्हणण्यात खोटे काही नव्हते. परंतु मूळ हिशोब आणि त्याची प्रत दोन्ही एकाच चकतीवर जमा होत होत्या. चार महिन्यांनी पहिली चकती बिघडली. दुसरी चकती उघडून पाहतात तो तिच्यावर चार महिन्यांपूर्वीची प्रत! त्या पेढीच्या तीन माणसांनी छापील बिले व भरलेली विवरणपत्रे पुढे घेऊन सारा काळ पुन्हा लिहून काढला. दिवाळी तशीच गेली.

एक गोष्ट समजून घ्यावी. रिकाम्या फोल्डरात काही लिहिले गेले आणि नंतर त्यावर चकती जोडली, तर आधी लिहिलेले नष्ट होत नाही. ते झाकले जाते. चकती सोडविली की ते पुन्हा दिसते. भिंतीवर कॅलेंडर टांगल्याने मागचा मजकूर पुसला जात नाही, तद्वत् हे आहे. फाईली अचानक 'गेल्या' असे वाटल्यास प्रथम हे तपासावे.

ओळख जागेवरून नव्हे, खुणेवरून

आता व्यवस्थेकडे वळू. प्रणालीस सांगावयाचे ते एवढेच : "अमुक चकती, अमुक जागी, दररोज सुरुवातीस जोड." यात पहिला प्रश्न 'अमुक' म्हणजे कोणती हा.

लिनक्स चकत्यांस 'एसडीए', 'एसडीबी', 'एसडीसी' अशी नावे देते. पण ही नावे चकती ज्या क्रमाने सापडेल त्या क्रमाने दिली जातात. एखादी नवी चकती बसविली, तार दुसऱ्या खोबणीत घातली, किंवा एखादी चकती जागी होण्यास क्षणभर उशीर झाला, तरी कालची 'बी' आज 'सी' होऊ शकते. थप्पीतील तिसरे पोते म्हणून जो माल ओळखतो त्याची हमालाने थप्पी हलविताच फसगत होते. शहाणा व्यापारी पोत्यावरील शाईची खूण पाहतो. ती पोत्याबरोबर जाते.

चकतीच्या प्रत्येक विभागावर अशी एक खूण असते. तिला 'यूयूआयडी' म्हणतात. लिनक्सच्या नेहमीच्या 'ईएक्सटी४' शिस्तीत ती ३२ अंक-अक्षरांची व मध्ये चार आडव्या रेघा अशी असते; विंडोजच्या 'एनटीएफएस' शिस्तीत १६ अंक-अक्षरांची असते. ही खूण पाहण्यासाठी 'एलएसबीएलके' ही आज्ञा, पुढे जागा सोडून आडवी रेघ व 'एफ' हे अक्षर लिहून द्यावी. सर्व चकत्या, त्यांच्या खुणा आणि जोडणीच्या जागा यांचा तक्ता समोर येतो. दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. चकती नव्याने फॉर्मॅट केल्यास खूण बदलते. आणि एका चकतीची तंतोतंत नक्कल दुसरीवर उतरविल्यास खूणही तीच उतरते. अशा दोन चकत्या एकाच वेळी यंत्रात ठेवू नयेत, कारण मग प्रणालीस मूळ कोणती व नक्कल कोणती हे कळत नाही.

सकाळची यादी : एफएसटॅब

लिनक्समध्ये 'एफएसटॅब' नावाची एक छोटी यादी असते. संगणक सुरू होताना प्रणाली ती वाचते आणि ओळीओळीने चकत्या जोडते. सकाळी दिवाणजीने किल्ल्यांचा जुडगा घेऊन कोणत्या वखारी उघडावयाच्या याची जी यादी असते, तीच ही. प्रत्येक ओळीत सहा रकाने असतात :

पहिला, चकतीची ओळख. दुसरा, जोडणीची जागा. तिसरा, फाईलींची शिस्त. चौथा, अटी. पाचवा, एका जुन्या प्रत-पद्धतीसाठी असलेला आकडा. तो शून्य ठेवावा. सहावा, सुरुवातीस चकती तपासावयाची असल्यास तिचा क्रम. मूळ चकतीस १, इतरांस २, आणि तपासणी नको असल्यास शून्य.

उदाहरणादाखल एक ओळ अशी होईल. येथे ती आपल्या लिपीत दिली आहे. यंत्रावर ती रोमन लिपीत, रकान्यांमध्ये जागा सोडून लिहावयाची असते :

यूयूआयडी=(चकतीची खूण)   /एमएनटी/हिशोब   ईएक्सटी४   डिफॉल्ट्स,नोफेल   ०   २

यातील 'नोफेल' हा शब्द महत्त्वाचा आहे. तो नसेल आणि एखादे दिवशी चकती सापडली नाही, तर प्रणाली साधारणपणे ९० सेकंद तिची वाट पाहते आणि नंतर काळ्या पडद्यावर संकटकालीन अवस्थेत जाऊन थांबते. हंगामात गिऱ्हाईक दारात उभे असताना हे होणे परवडणारे नाही. 'नोफेल' लिहिल्यास चकती नसली तरी संगणक पुढे चालू होतो. परंतु वाचकांनी येथे थांबून विचार करावा : संगणक चालू झाला, चकती मात्र जोडली गेली नाही, आणि कोणास कळलेही नाही, ही तीच स्थिती नव्हे काय, जिने वर सांगितलेल्या पेढीचे चार महिने घालविले? म्हणून 'नोफेल' लिहावेच, पण त्याबरोबर दोन पहारे बसवावेत.

पहिला पहारा असा की, जोडणीच्या जागेचे रिकामे फोल्डर व्यवस्थापकाच्या मालकीचे ठेवावे. इतर कोणास त्यात लिहिता येऊ नये. मग चकती नसताना साध्या माणसाच्या नावाने चालणारा कार्यक्रम तेथे प्रत ठेवूच शकणार नाही. तो तक्रार करील, आणि तक्रार हीच आपणांस हवी. दुसरा पहारा असा की, चकतीच्या आत एक लहान खुणेची फाईल ठेवावी आणि प्रत उतरविण्यापूर्वी कार्यक्रमाने ती फाईल आहे की नाही हे पाहावे. नसेल तर थांबावे. दहा मिनिटांचे हे काम कोणताही जाणता मुलगा करून देईल.

लेखणीऐवजी टिचकीने

यादी हाताने लिहिण्याचा धीर ज्यांस होत नाही त्यांच्यासाठी 'डिस्क्स' नावाचा कार्यक्रम उबुंटू व तत्सम प्रणालींत असतो. त्याचा क्रम असा :

१. 'डिस्क्स' उघडून डावीकडील यादीतून दुसरी चकती निवडावी. आकार व नाव नीट पाहावे. चुकीची चकती निवडू नये.

२. उजवीकडे दिसणाऱ्या पट्टीतील हवा तो विभाग निवडून दातेरी चाकाच्या चिन्हावर टिचकी मारावी आणि 'एडिट माउंट ऑप्शन्स' घ्यावे. जवळच 'फॉर्मॅट' हा शब्दही असतो. तिकडे हात जाऊ देऊ नये. त्याने सारा माल साफ होईल.

३. वरचे 'यूजर सेशन डिफॉल्ट्स' हे बटण बंद करावे. मग खालचे रकाने खुले होतात.

४. 'माउंट ॲट सिस्टीम स्टार्टअप' यावर खूण असावी.

५. 'माउंट पॉइंट' मध्ये जोडणीची जागा लिहावी. नाव लहान, रोमन लिपीत आणि मध्ये जागा न सोडता असावे. रिकाम्या जागेमुळे यादीचे रकाने बिघडतात.

६. 'आयडेंटिफाय ॲज' मध्ये यूयूआयडी असलेला पर्याय निवडावा. कारण वर सांगितलेच आहे.

७. अटींच्या रकान्यात 'नोफेल' आहे याची खात्री करून मान्य करावे, व परवलीचा शब्द द्यावा.

हा कार्यक्रम आपल्या वतीने तीच एफएसटॅबची ओळ लिहितो; निराळे काही करीत नाही.

लिहिल्यावर परीक्षा

यादी हाताने बदलणार असाल तर प्रथम तिची एक प्रत निराळ्या नावाने ठेवावी. ओळ लिहून झाल्यावर यंत्र लगेच बंद करू नये. 'माउंट' ही आज्ञा, पुढे जागा सोडून आडवी रेघ व 'ए' हे अक्षर लिहून, व्यवस्थापकाच्या अधिकाराने द्यावी. यादीत असलेल्या पण न जोडलेल्या सर्व चकत्या त्याच क्षणी जोडल्या जातात, आणि पुष्कळ चुका तेथेच कळतात. तराजू दुकानात तपासून घ्यावा, बाजारात गिऱ्हाइकापुढे नव्हे. हे ठीक झाल्यावरच यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे व चकती आपोआप आली का पाहावे.

इतके करूनही एखादे वेळी यंत्र संकटकालीन अवस्थेत अडकले, तर घाबरू नये; हिशोब सुरक्षित असतो. लिनक्सची प्रणाली ज्या पेनड्राइव्हवरून घातली त्याच पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करावे, मूळ चकतीवरील एफएसटॅब उघडावी आणि नव्या ओळीच्या आरंभी '#' ही खूण घालावी. त्या खुणेने ओळ असून नसल्यासारखी होते. मग यंत्र नेहमीसारखे उठते.

चकती जोडली गेली पण तिच्यावर लिहिता येत नाही, अशीही तक्रार येते. 'ईएक्सटी४' शिस्तीत मालकीची नोंद चकतीच्या आतच असते. म्हणून जोडल्यानंतर वरच्या फोल्डराची मालकी एकदा आपल्या नावे करून घ्यावी. 'एनटीएफएस' शिस्तीत लिनक्सच्या पद्धतीची मालकी नसते. तेथे मालकाचा क्रमांक अटींच्या रकान्यात 'यूआयडी' म्हणून लिहावा लागतो. एकाची अट दुसऱ्यास लावल्यास जोडणीच होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

विंडोजमधून आलेली चकती

ज्या पेढ्यांवर एकाच यंत्रात विंडोज व लिनक्स दोन्ही आहेत त्यांस आणखी एक अडचण येते. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. तीत 'शट डाउन' केल्यावर विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. अर्धवट निजते आणि आपल्या चकत्यांचे व्यवहार खुले ठेवते. अशी चकती लिनक्स एकतर जोडीत नाही, किंवा केवळ वाचण्यापुरती जोडते. हे योग्यच होय. ज्या वखारीत एका दिवाणजीची मोजणी अर्धी चालू आहे तेथे दुसऱ्याने माल हलवू नये. उपाय असा की, विंडोजमधील वीजविषयक नियंत्रणांत जाऊन ही सोय बंद करावी.

केवळ विंडोज वापरणाऱ्यांस

विंडोजमध्ये अंतर्गत चकती बहुधा आपोआपच जोडली जाते आणि तिचे अक्षरही लक्षात ठेवले जाते. न दिसल्यास 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. चकती तेथे 'ऑफलाइन' असेल तर तिच्या नावावर उजवी टिचकी मारून 'ऑनलाइन' करावी. चकती आहे पण अक्षर नाही असे असल्यास 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' मधून अक्षर द्यावे. ते वर्णमालेच्या शेवटचे, उदाहरणार्थ 'टी' किंवा 'व्ही' असे घ्यावे, म्हणजे पेनड्राइव्हशी त्याची ओढाताण होत नाही. मात्र नवी खिडकी "चकती इनिशियलाइज करावयाची काय" असे विचारील, आणि चकतीवर जुना हिशोब आहे हे आपणांस ठाऊक असेल, तर होकार देऊ नये. ते कोऱ्या चकतीचे काम आहे. तेथे जाणकारास बोलवावे.

कोणती जोडावी, कोणती न जोडावी

शेवटी विवेकाचा एक प्रश्न उरतो. सर्वच चकत्या सकाळी आपोआप उघडाव्यात काय? आमचे मत असे की, नाही. रोजच्या व्यवहाराची वखार रोज उघडावी. तिजोरी मात्र कामापुरतीच उघडावी. चालू वर्षाचा हिशोब, मागील वर्षांची बिले, मालाच्या नोंदी ज्या चकतीवर आहेत ती आपोआप जोडली जावी. परंतु जिच्यावर अखेरची राखीव प्रत आहे ती सदैव जोडलेली असू नये. हिशोब कुलूपबंद करून खंडणी मागणारे दुष्ट कार्यक्रम आज सर्वत्र फिरतात. ते यंत्रात शिरले तर जोडलेली प्रत्येक चकती, ज्यावर त्यांस लिहिता येते ती, बिघडवितात. जी यंत्रापासून काढून वेगळी ठेविली आहे तिला ते हात लावू शकत नाहीत.

शिवाय यंत्राच्या पोटातील दुसरी चकती ही पहिलीच्या शेजारीच राहते. वीज कोसळली, चोरी झाली, अथवा आपल्या भागातील मुसळधार पावसात दुकानात पाणी शिरले, तर दोघींची एकच गत होते. यास्तव निदान एक प्रत बाहेरच्या चकतीवर घेऊन ती पेढीपासून दूर, घरी किंवा दुसऱ्या गावच्या नातलगाकडे ठेवावी. आठवड्यातून एक दिवस ठरवून ती बदलावी.

सभासदांस विनंती

प्रत्येक पेढीने एका कोऱ्या वहीचे एक पान या कामास द्यावे, असे आम्ही सुचवितो. त्यावर यंत्रात किती चकत्या आहेत, प्रत्येकीवर काय आहे, तिची खूण कोणती, जोडणीची जागा कोणती, आणि शेवटची प्रत कोणत्या तारखेस तपासली, हे शाईने लिहावे. प्रत 'घेतली' असे न लिहिता 'उघडून पाहिली' असे लिहावे. कारण न उघडलेली प्रत ही न मोजलेल्या पोत्यासारखी असते. यंत्र दुरुस्तीस वापीस किंवा अन्यत्र पाठविताना हे पान प्रथम पाहावे, आणि परत आल्यावर त्याच्याशी ताडून घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत.

घरातील मुलामुलींस हे काम शिकवावे. संगणकाची भीती त्यांस नसते आणि हिशोबाचे मोल आपणांस ठाऊक असते. या दोहोंची जोडणी झाली म्हणजे पेढीची व्यवस्था दुसऱ्या पिढीच्या हाती सुखरूप जाते. चकती जोडण्यास फार तर अर्धा तास लागतो. तो अर्धा तास येत्या रविवारी काढावा, एवढीच आमची सर्व सभासद बंधुभगिनींस नम्र विनंती आहे.